घरकाम वगळून



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर कष्टकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले, एवढं संयोजकांनी मला सांगितलं आणि विषयाची मोकळीक दिली. मोकळीक मिळाली की माणूस अंथरूण पाहत नाही. पत्रिकेवर ‘अमेरिकन समाजातील विषमता : वर्ग, वंश आणि लिंगभाव’ असा भारदस्त विषय छापून आला. या तीन शब्दांना तीन स्वतंत्र व्याख्यानंसुद्धा पुरणार नाहीत. म्हणून मी एकच धागा धरणार आहे. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, फरशा पुसणं, लेकरं सांभाळणं, म्हाताऱ्यांचं अंथरुणातलं करणं ही कामं करणारी बाई, आणि तिच्याशी अमेरिकेचा कायदा कसकसा वागला. तिच्या बाबतीत हे तिन्ही शब्द वेगवेगळे काढताच येत नाहीत, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात १९३५ सालापासून करतो. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘द क्रायसिस’ या मासिकात एक वृत्तान्त छापून आला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी जी सर्वांत मोठी संघटना, एनएएसीपी, तिचं हे मासिक. लिहिणाऱ्या दोघी तरुण कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, एला बेकर आणि मार्व्हल कुक. न्यूयॉर्क शहराचा उत्तरेकडचा भाग म्हणजे ब्राँक्स. तिथल्या काही चौकांत, जेरोम ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, सिम्प्सन रस्त्याच्या बाजूला, रोज सकाळी कृष्णवर्णीय बायका येऊन उभ्या राहायच्या. ऊन असो, पाऊस असो. कुणी म्हातारी, कुणी पोरसवदा. कुणाचे कपडे विटलेले, कुणी नीटनेटकी. प्रत्येकीच्या हातात मात्र कागदात बांधलेलं एक पुडकं असायचं. त्यात कामाचे कपडे. आसपासच्या इमारतींतल्या गोऱ्या गृहिणी खाली यायच्या, बायकांना न्याहाळायच्या आणि भाव करायच्या. तासाला १५ सेंट, २०, २५; नशीब जोरावर असेल तर ३०. काम तासाच्या बोलीवर. खिडक्या, फरशा, धुणं, जे पडेल ते. ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ राबवून घेतात, हिशोबात खोट करतात, घड्याळाचा काटा मागे सारून ठेवतात, अशा तक्रारी या नाक्यांवर नेहमीच्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये या नाक्याला नाव पडलं होतं ‘ब्राँक्सचा गुलामबाजार’. बेकर आणि कुक लांबून बघून परतल्या नाहीत. त्या स्वतः बायकांत जाऊन उभ्या राहिल्या.

या बायका आकाशातून पडल्या नव्हत्या. जागतिक महामंदी येण्याआधी यांतल्या पुष्कळजणी घरोघरी कायम कामाला होत्या. मंदीत ती घरं सुटली, वर गोऱ्या बायकाही पूर्वी ज्या कामाकडे ढुंकून पाहत नव्हत्या त्या कामाला येऊ लागल्या. आणि गोऱ्या गृहिणीचं काय? ब्राँक्समधली ती गृहिणी कोणी जहागीरदारीण नव्हती. तिच्या नवऱ्याची नोकरी कशीबशी टिकलेली, घरभाडं डोक्यावर. एरवी जिला मोलकरीण परवडली नसती, तिला मंदीने तासावारी मोलकरीण मिळवून दिली. चौकातल्या घासाघिशीत दोन्हीकडे स्त्रियाच होत्या, आणि पैशाच्या हिशेबाने त्यांच्यातलं अंतर तसं फार नव्हतं. जे अंतर होतं ते कातडीच्या रंगाने पक्कं केलेलं होतं.

आता याच वर्षातली दुसरी घटना. वृत्तान्त छापून आला त्याच्या तीन महिने आधी, १४ ऑगस्ट १९३५ रोजी, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटी ॲक्टवर सही केली. म्हातारपणाची पेन्शन, बेकारभत्ता, यांची पायाभरणी या कायद्याने झाली. अमेरिकन मध्यमवर्ग ज्या जोत्यावर उभा राहिला त्यातला हा मोठा दगड. अमेरिकन कामगाराला पहिल्यांदा वाटलं, की हातपाय थकले तरी आपण रस्त्यावर येणार नाही. पण पेन्शनसाठी नोकरी कशाला म्हणायचं याची व्याख्या कायद्यात आहे आणि त्या व्याख्येला अपवाद आहेत. पहिला अपवाद शेतमजुरी. दुसरा, खाजगी घरातलं घरकाम. म्हणजे जेरोम ॲव्हेन्यूवरच्या त्या बायका दिवसभर दुसऱ्याची फरशी घासून घरी यायच्या तेव्हा, कायद्याच्या लेखी त्या नोकरीवर गेलेल्याच नसायच्या.

एकाच कायद्यात असं झालं असतं तर कदाचित नजरचूक म्हणता आली असती. पण त्याच वर्षी जुलैत वॅग्नर कायदा झाला होता. कामगारांना युनियन करण्याचा आणि मालकाशी एकत्र बोलणी करण्याचा हक्क देणारा. त्यातही शेतमजूर आणि घरकामगार वगळले. तीन वर्षांनी, १९३८ साली, किमान वेतनाचा कायदा आला. तासाला २५ सेंट, आठवड्याला ४४ तास, पुढे टप्प्याटप्प्याने ४०. शेतमजूर त्याच्याही बाहेर, आणि घरकामगार बाईपर्यंत तर तो पोचलाच नाही, कारण तिचं काम राज्याराज्यांतल्या व्यापारात धरलं जात नव्हतं. ब्राँक्सच्या चौकात १५ सेंटांवर घासाघीस करणाऱ्या बाईला त्या २५ सेंटांचा उपयोग किती झाला असेल, ते तुम्हीच ठरवा.

कोण वगळलं गेलं, हे आकड्यांत पाहू. १९३५च्या पेन्शन कायद्याच्या बाहेर राहिलेले कृष्णवर्णीय कामगार एकूण कृष्णवर्णीय कामगारांच्या सुमारे ६५ टक्के होते. गोऱ्या कामगारांत हेच प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास. आणि कृष्णवर्णीय स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी. १९४०च्या जनगणनेत ज्या कृष्णवर्णीय स्त्रिया कमावत्या म्हणून नोंदल्या गेल्या, त्यांतल्या दहापैकी जवळपास सहाजणी घरकाम करत होत्या. घरकाम वगळलं, की कृष्णवर्णीय बाई बहुतांशी वगळली गेली. कायद्यात रंगाचा किंवा बाईपणाचा उल्लेख करण्याची गरजच उरली नव्हती. चार्ल्स ह्यूस्टन या एनएएसीपीच्या वकिलांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना हे आधीच सांगून ठेवलं होतं. हा कायदा म्हणजे चाळणी आहे, म्हणाले, आणि तिची भोकं बरोबर एवढीच पाडली आहेत की बहुतेक निग्रो त्यातून खाली पडावेत.

हे मुद्दाम केलं की आपोआप झालं, यावर अमेरिकेतले इतिहासकार अजूनही भांडतात. भांडण समजून घेण्यासारखं आहे. एक पक्ष सांगतो, की त्या काळात संसदेच्या महत्त्वाच्या समित्या दक्षिणेतल्या डेमोक्रॅट पुढाऱ्यांच्या हातात होत्या. सिनेटच्या अर्थसमितीचे अध्यक्ष मिसिसिपीचे पॅट हॅरिसन, खालच्या सभागृहाच्या समितीचे अध्यक्ष नॉर्थ कॅरोलिनाचे रॉबर्ट डॉटन. कापसाच्या शेतावरच्या आणि स्वयंपाकघरातल्या कृष्णवर्णीय माणसाला वॉशिंग्टनहून थेट चेक येऊ लागला तर उद्या तो पडेल त्या मजुरीला येणार नाही, ही दक्षिणेतल्या मालकांची धास्ती. आयरा कॅट्झनेल्सन यांनी या बाजूने फार नेटकं लिहिलं आहे. दुसरा पक्ष सांगतो, की अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थॉ यांनीच समितीपुढे अडचण मांडली होती. घरोघरी एकेक मोलकरीण, तिच्या पगारातून कर कापून गोळा कोण करणार? शिवाय वगळलेल्यांची एकूण संख्या पाहिली तर त्यांत गोरेच जास्त भरतात, आणि अशा योजना सुरू करताना इतर देशांनीही हेच वर्ग मागे ठेवले होते.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही. कर गोळा करणं खरोखरच अवघड होतं. पण हा खुलासा फक्त पेन्शनच्या कायद्याला लागू पडतो. वॅग्नर कायद्यात सरकारला एक सेंटसुद्धा गोळा करायचा नव्हता. तिथे फक्त हक्क द्यायचा होता, आणि तिथेही हेच दोन वर्ग गळाले. करवसुलीची अडचण पुढे १९५० साली दूर झाली आणि नियमित कामावरच्या घरकामगारांना पेन्शन लागू झाली. वॅग्नर कायद्यातला अपवाद मात्र आज, नव्वद वर्षांनीही, जसाच्या तसा आहे. एकाच माणसाला तीन वेगवेगळ्या कायद्यांतून तीन वेगवेगळ्या कारणांनी वगळलं जातं, तेव्हा मी कारणांपेक्षा त्या माणसाकडे बघतो.

आणि ते गोरे २७ टक्के? त्यांचं काय? हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा, कारण अमेरिकेतला गरीब म्हणजे कृष्णवर्णीय अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. शेतात राबणाऱ्या गोऱ्या खंडकऱ्यांची गरिबी खोटी नव्हती. मग हे लोक वगळलेल्या कृष्णवर्णीय माणसाबरोबर का उभे राहिले नाहीत? याचं मला पटलेलं उत्तर त्याच १९३५ सालातलं आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. हेच ते ड्यू बॉईस, ज्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख केला होता. ड्यू बॉईस सांगतात ते असं : गोऱ्या मजुराला रोकड मजुरी कमीच मिळत होती, पण तिच्या जोडीला एक वरकड मजुरी मिळत होती. मान. बागेत बसता येणं, कोर्टात ऐकून घेतलं जाणं, पोलीस आपल्यातला असणं, चांगली शाळा. ही मजुरी मालकाच्या खिशातून जात नव्हती, म्हणून ती द्यायला मालक कधी नाखूश नव्हता. वर्ग आणि वंश यांच्यावर तेव्हापासून ढिगाने पुस्तकं आली. या एका निरीक्षणाच्या फार पुढे कोणी गेलं आहे असं मला वाटत नाही.

आता मागे जाऊ. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं याच्या सन्मानार्थ. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्या घडीला जोतीरावांचं चुकलं नव्हतं. कृष्णवर्णीय पुरुष मत देत होते, दक्षिणेतून निवडूनही येत होते. चारच वर्षांनी, १८७७ साली, केंद्राने दक्षिणेतलं सैन्य काढून घेतलं आणि जुने मालक पुन्हा सत्तेवर बसले. पण गुलामीतून सुटलेल्या बायका तेवढ्यात एक गोष्ट शिकल्या होत्या. मालकाच्या घरी राहून काम करायचं नाही. धुणं आपल्या घरी आणायचं, आपल्या अंगणात चूल पेटवून कढईत उकळायचं, सोडा आणि स्टार्च आपला, वेळ आपला, आणि मुलं डोळ्यासमोर. पाणी विहिरीवरून किंवा नळावरून वाहून आणायचं. अंगाचा पिट्टा पडायचा, पण डोक्यावर बाईसाहेब नसायची.

जुलै १८८१. जॉर्जियातलं अटलांटा शहर. वीसेक धोबिणींनी एकत्र येऊन वॉशिंग सोसायटी काढली आणि १२ पौंड कपड्यांना एक डॉलर असा सरसकट दर जाहीर केला. मग त्या घरोघरी आणि चर्चमधून फिरल्या. तीन आठवड्यांत संपकरी बायका तीन हजारांवर गेल्या. थोड्या गोऱ्या धोबिणीही त्यांच्यात आल्या, हे नोंदवण्यासारखं. पोलिसांनी काहींना पकडलं, दंड केले. घरमालकांनी भाडं वाढवण्याच्या धमक्या दिल्या. शेवटी नगरपालिकेत ठराव आला, की प्रत्येक धोबिणीने वर्षाला २५ डॉलरचा परवाना घ्यावा. एवढी रक्कम म्हणजे तीनशे पौंड कपड्यांची धुलाई, तीही त्यांनी मागितलेल्या दराने. बायकांनी मेयरला पत्र पाठवलं, की २५ काय, ५० डॉलरसुद्धा भरू, पण मग शहरातलं सगळं धुणं आमच्या हातात राहील. या उत्तरातली हुशारी बघा. परवाना म्हणजे मान्यता आणि मान्यता म्हणजे भाव ठरवण्याचा अधिकार, हे त्यांनी पालिकेच्या आधी ओळखलं. नगरपालिकेने ठराव बाजूला ठेवला. टेरा हंटर या इतिहासकार बाईंनी हा संप विस्ताराने मांडला आहे. कामगार चळवळीच्या जुन्या इतिहासांत मात्र तो तुम्हाला फारसा सापडणार नाही, कारण संप म्हटलं की गिरणी, खाण आणि रेल्वे, हेच डोळ्यापुढे येतं. अंगणातल्या चुलीवरचा संप कोणी मोजायचा?

अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध जो बहिष्कार झाला त्याचंही तसंच आहे. रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची नावं सर्वांना ठाऊक. पण १९५५च्या डिसेंबरपासून ३८१ दिवस जी बस जवळपास रिकामी धावली, ती रोज भरत कोण होतं? बहुतांश गोऱ्यांच्या वस्तीत कामाला जाणाऱ्या मोलकरणी आणि स्वयंपाकिणी. त्या चालत जाऊ लागल्या. मग काही गोऱ्या मालकिणी आपल्या गाडीतून त्यांना आणायला-सोडायला लागल्या, न्याय-अन्याय बाजूला ठेवा, पण घर कोण आवरणार? महापौरांनी मालकिणींना जाहीरपणे बजावलं, की तुमच्यामुळेच बहिष्कार टिकून आहे. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाई खानावळीत नोकरीला होत्या. चळवळीच्या बाजूने कोर्टात साक्ष दिली म्हणून नोकरी गेली. त्यांनी घरी स्वयंपाक करून डबे विकायला सुरुवात केली, इतर बायकांना जोडून घेतलं आणि तो पैसा बहिष्काराच्या गाड्यांच्या पेट्रोलसाठी दिला. पैसे कुठून आले विचारलं तर उत्तर द्यायचं, ‘कुठूनच नाही’. नावं कळली असती तर त्या बायकांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या. त्या मंडळाचं नावच पडलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’.

याच काळात गोरा मध्यमवर्ग उपनगरांत घरं घेत होता. सरकारी हमीचं कर्ज, १९४४च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना मिळालेल्या सवलती, आणि न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनसारख्या वसाहती, जिथल्या सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणाला राहू देऊ नये असं स्पष्ट कलम होतं. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सरकारी नकाशांवर लाल रंगाने धोक्याच्या म्हणून दाखवल्या जात. घर हीच तिथल्या सामान्य कुटुंबाची मुख्य पुंजी, ती मुलांना जाते. म्हणून २०२२ सालच्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४ हजार ९०० डॉलर निघते. पगारातला फरक एवढा नाही. हा फरक आजोबांच्या वेळचा आहे.

त्या उपनगरातल्या गोऱ्या गृहिणीच्या घुसमटीवर बेटी फ्रिडन यांनी १९६३ साली ‘द फेमिनिन मिस्टीक’ लिहिलं आणि स्त्रीमुक्तीची नवी लाट आली. तिची दुःखं खरी होती. १९७४चा कर्जविषयक कायदा होईपर्यंत विवाहित बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय क्रेडिट कार्ड नाकारलं जाई. पण बेल हुक्स या कृष्णवर्णीय लेखिकेने १९८४ साली एक अडचणीचा प्रश्न केला. या गृहिणी घराबाहेर पडून करिअर करतील, तेव्हा त्यांची घरं आणि मुलं कोण सांभाळणार? बेल हुक्सची आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण होती. तिला हा प्रश्न पुस्तकात वाचून सुचलेला नव्हता.

कोर्टात हा पेच कसा दिसतो, याचं एक उदाहरण देतो, कारण आपल्याकडच्या वकील मंडळींनाही ते उपयोगी पडेल. सेंट लुईसमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्याविरुद्ध एमा डीग्राफनरीड आणि इतर चार कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला. १९६४च्या आधी तिथे कृष्णवर्णीय बाईला नोकरीच दिली जात नव्हती. सत्तरीच्या मंदीत कंपनीने ज्येष्ठतेनुसार कपात केली, शेवटी आले ते आधी गेले. साहजिकच सगळ्या नव्या कृष्णवर्णीय बायका गेल्या. १९७६ साली कोर्टाने सांगितलं, की स्त्री म्हणून भेदभाव म्हणाल तर कंपनीने स्त्रियांना फार पूर्वीपासून नोकऱ्या दिल्या आहेत. त्या स्त्रिया कचेरीत बसणाऱ्या गोऱ्या होत्या. वंशाचा भेदभाव म्हणाल तर कृष्णवर्णीय माणसंही होती. ते यंत्रावर काम करणारे पुरुष होते. दोन्ही मिळून एक नवा दावा करता येणार नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली याच निकालावर बोट ठेवून, वंश आणि लिंगभाव एकमेकांना छेदतात तिथल्या भेदभावाचा आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. आज तो विद्यापीठांत इतका झिजून गुळगुळीत झाला आहे की मुळात तो पाच बायकांच्या गेलेल्या नोकऱ्यांबद्दल होता, याचा विसर पडतो.

परत घरकामाकडे. १९६८ साली अटलांटात, धोबिणींच्याच शहरात, डोरोथी बोल्डन यांनी घरकामगारांची संघटना उभारली. कायदा युनियनचा हक्क देत नव्हता, म्हणून त्यांनी वेगळी शक्कल काढली. बसमध्ये चढून बायकांना गाठायचं, वर्गणी एक डॉलर, आणि अट एकच : मतदार यादीत नाव नोंदवलंच पाहिजे. मालकाशी सामुदायिक बोलणी करता येत नसतील, तर पुढाऱ्याशी करू! तिकडे वॉशिंग्टनमध्ये संसदेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, शर्ली चिझम, किमान वेतनाच्या दुरुस्तीसाठी झगडत होत्या. त्यांच्या आईनेही घरकाम केलेलं होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७३ साली ही दुरुस्ती फेटाळली, १९७४ साली सही केली. पहिल्या कायद्यानंतर ३६ वर्षांनी घरकामगार बाईला किमान वेतन लागू झालं.

पण अपवाद गेला नाही, त्याने जागा बदलली. त्याच दुरुस्तीत म्हाताऱ्या आणि आजारी माणसांजवळ सोबतीला राहणाऱ्यांना किमान वेतनातून आणि जादा तासांच्या पगारातून वगळलं होतं. तेव्हा डोळ्यापुढे होती शेजारच्या आजीजवळ थोडा वेळ बसणारी बाई. पुढे म्हाताऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांची शुश्रूषा हा मोठा धंदा झाला, एजन्स्या निघाल्या, अपवाद तोच. एव्हलिन कोक या जमैकाहून आलेल्या बाई न्यूयॉर्कमध्ये वीसेक वर्षं हे काम करत होत्या. माणसाला उचलणं, आंघोळ, औषधं, कधी चोवीस तासांची पाळी. जादा तासांचे पैसे नाहीत. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २००७ साली नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. नियम करणं सरकारी खात्याच्या अधिकारात आहे, म्हणाले. तोवर कोकबाईंची स्वतःची मूत्रपिंडं निकामी झाली होती. २००९ साली त्या गेल्या. ओबामांच्या काळात, २०१३ साली, खात्याने नियम बदलला आणि तो २०१५ पासून लागू झाला. २०२५च्या जुलैत त्याच खात्याने तो मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. या कामात दहांतल्या आठांहून अधिक स्त्रिया आहेत. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि स्थलांतरित मिळून त्यांच्यात बहुसंख्य.

पैसा आला की हे सगळं सुटतं का, असा प्रश्न दरवेळी येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. बाळंतपणाशी निगडित मृत्यूंची २०२३ची सरकारी आकडेवारी अशी : दर लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या स्त्रिया १४.५, कृष्णवर्णीय स्त्रिया ५०.३. सेरेना विल्यम्सने २०१७ साली मुलीच्या जन्मानंतर फुफ्फुसात गुठळी झाल्याचं स्वतःहून दवाखान्यात सांगितलं, तरी तिला आपलं म्हणणं लावून धरावं लागलं. जगातली सर्वांत नावाजलेली टेनिसपटू, आणि पैशाला तोटा नाही. वर्ग बदलला तरी उरतं ते हे.

आता आपल्या घरातलं. या सभागृहात असे पुष्कळजण असतील ज्यांची लेक-सून न्यू जर्सीत किंवा टेक्ससात आहे. १९६५च्या स्थलांतर कायद्याने वंशाधारित कोटे मोडले, म्हणून आपली माणसं तिथे मोठ्या संख्येने जाऊ शकली. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या भरतीतच आला, म्हणजे आपल्या व्हिसामागे मॉन्टगोमेरीत पायी चाललेल्या मोलकरणीही आहेत. मुलगी बाळंत व्हायची असली की आपल्याकडची आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर जाते. डिंकाचे लाडू, मेथ्या, बाळगुटी, सगळं घेऊन. आपण याला आईची माया म्हणतो, आणि ती आहेच. पण त्यामागे एक कायदाही आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कायद्याने सर्वांना मिळणारी पगारी बाळंतपणाची रजा नाही. १९९३चा कायदा १२ आठवडे देतो, तेही बिनपगारी, आणि पन्नासहून कमी नोकर असलेल्या कंपनीत तेही नाही. पाळणाघराचा खर्च घरभाड्याशी स्पर्धा करतो. ज्या घराला पासपोर्टवाली आजी नाही ते घर बाई ठेवतं. आणि त्या बाईच्या बाळाला कोण सांभाळतं, हा बेल हुक्सचाच प्रश्न आणखी एक पायरी खाली उतरतो.

२०१३च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या भारताच्या एका महिला राजनैतिक अधिकाऱ्याला अटक झाली. घरकामाला आणलेल्या बाईच्या व्हिसा अर्जात पगाराबद्दल खोटी माहिती दिली, असा आरोप होता. आरोप कोर्टात तडीला गेला नाही, पहिलं आरोपपत्र राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर रद्द झालं, आणि दिल्ली-वॉशिंग्टन संबंध पार ताणले गेले. अटकेत त्या अधिकाऱ्यांना मिळालेली वागणूक संतापजनक होती, यात शंका नाही. पण त्या दिवसांतली आपली मराठी वर्तमानपत्रं काढून पाहा. देशाचा अपमान, अमेरिकेचा उद्दामपणा, दूतावासासमोरचे अडथळे हटवले, सगळं आहे. त्या मोलकरणीचे कामाचे तास किती होते, हे शोधायला बराच वेळ लागतो.

न्यूयॉर्क राज्याने २०१० साली घरकामगारांच्या हक्कांचा अमेरिकेतला पहिला कायदा केला. आठवड्याला एक सुट्टी, जादा तासांचा जादा पगार, वर्षभर काम केल्यावर तीन दिवसांची पगारी रजा. महाराष्ट्राने त्याआधी, २००८ साली, घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला होता. त्यात नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत. २०११ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ संमत केला. घरकाम हे काम आहे आणि ते करणाऱ्याला इतर कामगारांइतकेच हक्क आहेत, असं त्यात म्हटलं आहे. या कराराला मान्यता देणाऱ्या देशांच्या यादीत अमेरिका नाही. भारतही नाही.